हिवाळ्यात झाडीपट्टीतल्या घरी येताय? या चुका टाळा

दिवाळी उलटली की वडसा, ब्रह्मपुरी, लाखांदूर, अर्जुनी मोरगाव या पूर्व विदर्भातल्या पट्ट्यात, म्हणजे आमच्या झाडीपट्टीत, थंडी पडायला लागते. नाताळच्या सुट्टीत मग पुण्या-मुंबईचे लेक-जावई आणि नातवंडं येतात, आणि दरवर्षी त्याच चुका होतात. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

"विदर्भात कसली आली थंडी?" म्हणत लोक एका पातळ जॅकेटवर येतात. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता. आमच्याकडे तर गावोगावी तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, त्यामुळे पहाटेचा गारठा ओला असतो. दुपारी मात्र ऊन चटकतं. तेव्हा लेकराला कानटोपीत घामाघूम करून ठेवू नका.

आता शेगडी. या एका चुकीवर मी कुणाचं ऐकून घेत नाही. थंडी वाजली की पाहुणे दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात आणि झोपतात. वर ऐकवतात, "धूर कुठे आहे? कोळसा तर लाल झालाय." धूर नसतो तेव्हाही निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस गुंगीतच राहतो, उठून दार उघडायचंही त्याला सुचत नाही.

आमच्या शेजारी असंच झालं. मुंबईहून लेक-जावई आले होते, जेवायला मटण होतं. मध्यरात्री धाकटी नात डोकं धरून रडायला लागली, मग ओकली. पाठोपाठ मोठ्यालाही मळमळ. सगळ्यांनी मटणावर खापर फोडलं, कुणी ओवा शोधायला लागलं. ओसरीवर झोपलेली आजी रडणं ऐकून आत आली, दार सताड उघडलं आणि ओरडली, "मटन नाई बापा, शेगडी हाय! पोराइले बाहेर काढा पयले!" थंडीत सगळे अंगणात बसले, नंतर दवाखान्यात नेलं, आणि वाचले. मटण सगळ्या घरानं खाल्लं होतं. त्रास फक्त शेगडीच्या खोलीतल्यांना झाला, हे आजीच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी जावईबापू म्हणाले, "पण मामाजी, जरा फट ठेवली असती तर चाललं असतं ना?" अशा माणसाला काय सांगावं!

माझ्या घरची रीत साधी आहे: शेकायचं ते अंगणात किंवा ओसरीवर, आणि झोपायच्या आधी शेगडी उंबऱ्याबाहेर. अंथरुणात ऊब हवी तर गोधडीवर गोधडी घ्या. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरलाही हेच लागू. आणि बादलीत हीटरचा रॉड असेल, तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालून बघू नका.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालू असलेल्या घरी न कळवता जाऊन चहाची वाट बघत बसू नये. जेवण सातला उरकावं. नऊला ताटं मांडली तर घरातली बाई रात्री उशिरापर्यंत गार पाण्यात भांडी घासते, हे पाहुण्यांच्या ध्यानातच येत नाही. भरताचं वांगं गॅसवर भाजू नका, अंगणात विस्तव असतोच. "जरा शेताकडे फिरून येतो" म्हणत अंधारात निघू नका. ब्रह्मपुरी भागात वाघ आहेत, ते सफारीची वेळ पाळत नाहीत. पोरं कंटाळली म्हणून लगेच गाडी काढून ताडोबा गाठायची घाई नको. त्यांना आजीजवळ वालाच्या शेंगा सोलायला बसवा, लाखोळीची भाजी खुडायला बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, न्या. पहिला दिवस कुरकुरतील. कुरकुरू द्या.

आणि नाटक. हिवाळा हाच झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम. कंपन्यांची बहुतेक कार्यालयं वडशात, आणि गावातली मंडळं त्यांना बोलावतात. कुठे शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असला की त्या रात्री नाटक बहुधा असतंच. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा "खेड्यातलं नाटक" म्हणून नाक मुरडू नका. पण लोक मल्टिप्लेक्सच्या सवयीनं येतात. पोरांना दुपारी झोपवत नाहीत, पुढच्या खुर्च्या धरतात आणि पडदा उघडायच्या आधीच घड्याळ बघतात. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. पहिल्या अंकात उठून जायचं असेल तर येऊच नका, मागच्यांना त्रास होतो.

आम्ही चटई आणि दोन जाड चादरी नेतो, आणि खुर्चीऐवजी खालीच बसतो. पोरं मध्येच झोपतात, विनोदी प्रवेशाला हशा उठला की जागी होतात, पुन्हा लवंडतात. त्यांना घरी नेऊन नीट झोपवायचा आग्रह धरू नका. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळचा कुठलाच बेत ठेवू नका, आणि परतीचं तिकीट तर त्या दिवसाचं अजिबात काढू नका.