औषध प्यायलेल्या माणसाला दवाखान्यात आणताना या चुका टाळा

फवारणीच्या दिवसांत आमच्या ग्रामीण रुग्णालयात कीटकनाशकासारखं विष प्यायल्याची केस आली की मी पहिला प्रश्न विचारते, "काय प्यायलेत?" उत्तर येतं, "औषध." कुठलं, ते कुणालाच ठाऊक नसतं. बाटली घरीच राहिलेली असते, नाहीतर कुणीतरी रागाने उकिरड्यावर भिरकावलेली असते. एका आजींनी मात्र रिकामी बाटली पदरात गुंडाळून आणली होती. नाव वाचताच डॉक्टरांना उपचाराची दिशा मिळाली. बाटली पिशवीत घालून आणा. निदान लेबलचा फोटो तरी काढा.

सगळ्यात घातक चूक घरातच होते, ती म्हणजे मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं. पुष्कळ कीटकनाशकं रॉकेलसारख्या द्रावकात मिसळलेली असतात. उलटीबरोबर ते श्वासनलिकेत उतरलं की फुप्फुसं सुजतात. मीठ जास्त झालं तर झटकेही येतात. दूध, तूप, लिंबूपाणी, काहीच पाजू नका. घशात बोटं घालू नका. डाव्या कुशीवर झोपवा, तोंडातली लाळ पुसत राहा. औषध सांडलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा. पण हातात प्लास्टिकची पिशवी घालून, कारण ते कातडीतूनही शिरतं. आणि हे सगळं १०८ ची गाडी येईपर्यंतच. धुण्यापायी निघायला उशीर नको.

"पोलीस केस होईल" या धास्तीने लोक "नुसती चक्कर आली" म्हणून सांगतात. त्यात लाखमोलाची वेळ जाते. नोंद होते, हे खरं. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालतं आणि त्याला शिक्षेपासून संरक्षण देतं. उपचार आधी, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलंय. दुसऱ्या कुणी विष दिल्याचा संशय असेल तर पेला, ताट, उलटीचं फडकं धुऊ नका आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा.

ऑर्गेनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाने डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घाम फुटतो, छाती घरघरते. त्यावर ॲट्रोपिन हे उताऱ्याचं इंजेक्शन देतात, छातीतली घरघर थांबून ती कोरडी होईपर्यंत. त्याने पेशंट बडबडतो, पलंगावरून उठून पळू बघतो. नातेवाईकांना वाटतं चुकीचं इंजेक्शन दिलं, आणि ते भांडायला उठतात. घाबरू नका, सिस्टरला हाक मारा. डोस कमीजास्त करता येतो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट चहा मागतो, आणि घरचे सही करून न्यायची घाई करतात. इथे माझा जीव खालीवर होतो. या विषात साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक गळतात. म्हणून रोज सकाळी आम्ही सांगतो, "उशीवरून मान उचला बघू." मान उचलली नाही तर व्हेंटिलेटरची तयारी लागते, आणि ती घरी कुठून आणणार? उंदीर मारायच्या पेस्टचंही तसंच. पहिला दिवस बरा जातो, यकृताचा त्रास नंतर दिसतो. डॉक्टर सोडेपर्यंत नेऊ नका.

पलंगाशेजारी उभं राहून "आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस" असं कृपा करून बोलू नका. जवळ बसा, हात धरा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात. घरी न्यायच्या आधीच कुणाला तरी पाठवून माळ्यावरची, गोठ्यातली उरलेली औषधं दुसरीकडे कुलपात ठेवायला सांगा.