दोन काळांत चालणारी रहस्य कादंबरी कशी रचावी

लहान गावात दडपलेलं जुनं प्रकरण आणि ते आज उकरून काढणारं कोणीतरी, असा विषय डोक्यात असेल तर लगेच पहिलं प्रकरण लिहायला घेऊ नका. आधी जुन्या घटनेची पूर्ण हकीकत दोन-तीन पानांत सरळ क्रमाने लिहा: काय घडलं, कोणी पाहिलं, कोणी लपवलं आणि गप्प राहण्यात कोणाचा काय फायदा होता. शेवटच्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ घालवा. लहान गावात गोष्ट लपून राहत नाही, माहीत असूनही कोणी ती बोलत नाही. म्हणून निदान तिघांकडे मौनाचं वेगवेगळं कारण हवं: एकाला भीती, एकाला जमीन मिळालेली, एकाला कोणाला तरी वाचवायचं. एकट्या खुन्याने सगळं सांभाळलं, हे पटत नाही.

मग वयांचा तक्ता करा. दोन काळांत ३० ते ४५ वर्षांचं अंतर सोयीचं पडतं. १९८५ साली विशीत असलेला साक्षीदार २०२५ मध्ये साठीत असतो. त्याची आठवण पुसट झालेली असते, पण गमावण्यासारखं अजून बरंच असतं. अंतर सत्तरच्या पुढे गेलं की सगळा भार कागदपत्रांवर येतो. सालही जपून निवडा. गुन्ह्याच्या तपासात डीएनए पहिल्यांदा १९८६ साली इंग्लंडमध्ये वापरला गेला. तुमचा जुना तपास त्याआधीचा असेल तर तिथे तो येता कामा नये. आजच्या तपासात वापरला नसेल, तर का नाही हे सांगावं लागतं. आम्लधर्मी मातीत हाडं झिजून नाहीशी होऊ शकतात, दात सहसा जास्त टिकतात. पुरलेलं काय सापडेल ते यावरून ठरवा.

खरी मेहनत माहितीच्या तक्त्यात आहे. तीन रकाने आखा: वाचकाला काय कळलं, आज शोध घेणाऱ्याला काय कळलं, जुन्या काळातल्या पात्राला काय ठाऊक होतं. प्रत्येक प्रकरणानंतर ते भरा. पहिले दोन रकाने सलग दोन-तीन प्रकरणं सारखेच राहिले तर रहस्य सैल पडलंय. आज पत्र सापडतं आणि पुढच्याच प्रकरणात ते लिहिलं जाताना दिसतं, म्हणजे वाचक एकच गोष्ट दोनदा वाचतो. बहुतेक हस्तलिखितं इथेच रखडतात.

उपाय असा की एकच दुवा दोन्हीकडे अपुरा ठेवायचा. समजा, जुन्या काळात एक बाई हिशेबाच्या वहीचं पान फाडते. त्यावर काय लिहिलंय ते दाखवू नका. आज वही मिळते. तिरका प्रकाश टाकल्यावर खालच्या पानावर पेनच्या दाबाने उमटलेली रक्कम दिसते, नाव मात्र लागत नाही. वाचकाला बाई माहीत, शोध घेणाऱ्याला रक्कम. यातून उभा राहणारा संशय चुकीचाही असू द्या. (पात्राला तिथे पेन्सिल घासायला लावू नका, त्याने पुरावा बिघडतो.)

दोन्ही धागे आधी वेगवेगळे, सलग लिहा आणि नंतर तोडून गुंफा, नाहीतर दोन्हींची भाषा एकसारखी होते. काळ बदलला हे पहिल्या दोन ओळींतच कळलं पाहिजे. प्रकरणावरचं साल वाचक सर्रास वाचतच नाही. दर वेळी ऐन धक्क्यावर तोडलंत तर तो चिडून मधली पानं चाळतो.

उकल आजच्या काळातच, शोध घेणाऱ्याच्या हातून व्हावी. जुन्या काळातलं शेवटचं दृश्य गुन्हा का घडला यासाठी राखून ठेवा. आणि गुन्हेगार त्याआधी दोन-तीनदा अगदी साध्या कामात दिसून गेलेला हवा.