सोयाबीन सवंगून राष्ट्रकुल स्पर्धांना : गावाकडच्या कुटुंबाने अहमदाबाद २०३० ची तयारी कशी करावी

२०१० च्या ऑक्टोबरात आम्ही घरचे सहा जण दिल्लीला राष्ट्रकुल स्पर्धा पाहायला गेलो होतो. बाबा, आई, वहिनी, भावाची दोन पोट्टी आणि मी. भाऊ आला नाही. वावरात सोयाबीन उभं होतं, रात्री रानडुकरांची जागल कोणीतरी करायलाच हवी होती. पहिल्या दिवसाचा बेत मी आखला होता : सकाळी कुस्ती, दुपारी हॉकी, संध्याकाळी धावण्याच्या शर्यती. झालं असं की प्रत्येक ठिकाणी अर्धंमुर्धं पाहिलं आणि उरलेला दिवस तपासणीच्या रांगेत नि मेट्रोच्या जिन्यांवर गेला. दुसऱ्या दिवशी आईने बजावलं, "आज एकच जागा. बसू तर बसूनच राहू." आमच्या घरात आजही गोष्ट निघते ती त्या दुसऱ्या दिवसाची.

आता संधी जवळ आली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्लासगोच्या सभेत २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचं यजमानपद अहमदाबादला मिळालं. पहिली स्पर्धा १९३० साली कॅनडातल्या हॅमिल्टनला झाली होती, म्हणजे ही शंभराव्या वर्षाची. आपल्या विदर्भाकडून अहमदाबाद एका रात्रीच्या गाडीवर आहे.

आधी खेळ ठरवा, मग तिकीट

बहुतेक लोक उद्घाटन सोहळ्याच्या नाहीतर अंतिम सामन्याच्या तिकिटामागे लागतात. माझं मत उलटं आहे. गावाकडून पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने एकच खेळ आणि एकच सत्र निवडावं, तेही शक्यतो सकाळचं, प्राथमिक फेऱ्यांचं. तिकीट सहसा स्वस्त, गर्दी कमी, पोरांना उठबस करता येते. एका सकाळी तुम्ही डझनभर देशांचे खेळाडू पाहता. दुसऱ्या दिवशी अंगात बळ असेल तर संध्याकाळचं एखादं पदकाचं सत्र घ्या.

कोणता खेळ? घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला नियम न सांगता कळेल तो. मैदानी खेळ, म्हणजे धावणं, उड्या, फेकी, यासाठी उत्तम. कोण पुढे गेलं, कोणाचं लांब पडलं, हे डोळ्यांनीच कळतं. वेटलिफ्टिंगही तसंच, तुरीचं पोतं उचललेल्या माणसाला त्यात काही समजावून सांगावं लागत नाही. जिम्नॅस्टिक्स दिसायला सुंदर, पण गुण कसे दिले ते कळेपर्यंत पुढची मुलगी येते.

मैदानी खेळांचं तिकीट काढताना जागा कुठली तेवढं नीट पाहा. वळणाच्या सगळ्या शर्यती डाव्या हाताला वळत पळतात आणि बहुतेक एकाच सरळ रेषेच्या शेवटी संपतात. त्या बाजूची मधली जागा महाग असते. त्याच बाजूच्या टोकाची घ्या, पण समोरच्या बाजूची घेऊ नका. तिथून शंभर मीटरची शर्यत मुंग्यांची रांग दिसते. तिकिटं फक्त स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंकवर एक रुपयाही टाकू नका. आणि तिकिटावर मैदानाचं नाव वाचा. शहर एकच असलं तरी मोटेराचं स्टेडियम वेगळं आणि नारणपुऱ्याचं वीर सावरकर क्रीडा संकुल वेगळं.

घरची तयारी

या भागावर लोक वेळ घालवत नाहीत, आणि खरी मजा इथेच आहे.

राष्ट्रकुलात ७० हून जास्त देश-प्रदेश उतरतात, पण चीन, जपान, अमेरिका नसतात. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड चार वेगळे झेंडे घेऊन येतात. पोरं यावर हमखास अडतात, म्हणून आधीच सांगून ठेवा. वाटल्यास आपल्या भागाचंही सांगा : १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते. आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णपदकं घेणारा तिरंदाज ओजस देवतळे नागपूरचा आहे.

मग टेप घ्या आणि वावरात चला. धुऱ्यावर शंभर मीटर मोजून पोरांना पळायला लावा. दुसरी खुंटी ६१ मीटरवर ठोका. २०१० ला दिल्लीत कृष्णा पुनियाने थाळीफेकीत ६१.५१ मीटरवर सुवर्ण जिंकलं होतं. महिलांची थाळी एक किलोची असते, किराणा दुकानातल्या एक किलोच्या मापाएवढी. ते माप हातात देऊन, फेकायला न लावता, फक्त त्या खुंटीकडे पाहायला सांगा. टीव्हीवर दहा वेळा पाहून कळत नाही ते यातून कळतं.

थाळीफेकीची रीतही सांगून ठेवा. प्रत्येकीला तीन फेकी, मग पुढे असलेल्या मोजक्या जणींना आणखी काही. सगळ्या फेकींतली सगळ्यात लांबची धरायची. म्हणजे तिसऱ्या फेरीनंतर कोणीही जागेवरून उठायचं नाही.

हे मी ठासून सांगतो, कारण मी उठलो होतो. ११ ऑक्टोबरची ती संध्याकाळ, जवाहरलाल नेहरू स्टेडियम. पोट्टी तहानेने कुरकुरत होती, म्हणून मी खाली पाणी आणायला गेलो. हातात चार गिलास घेऊन जिना चढतोय तर वर एकदम गलका. धावत आलो तेव्हा अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलेलं, आणि बाबा उभे. सभेतसुद्धा न उठणारा माणूस. मला म्हणाले, "हे त आपली गोफनच हाय ना बे! अंगाभोवती फिरवली अन् सोडली." सुवर्ण कृष्णा पुनियाचं, रौप्य हरवंत कौरचं, कांस्य सीमा अंतिलचं. मैदानी खेळांत भारताला राष्ट्रकुलचं सुवर्ण मिळालं ते १९५८ च्या मिल्खा सिंगनंतर थेट तेव्हा. एकाच वेळी तीन तिरंगे वर गेले ते मी पाहिलं, पण फेक मात्र मी आजही बाबांच्या तोंडूनच ऐकतो.

सरावाचा आणखी एक स्वस्त मार्ग आहे. नागपूरला मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात शालेय किंवा खुल्या स्पर्धा असतील तेव्हा एक दिवस पोरांना घेऊन जा. तीन तास उन्हात बसायची सवय कोणाला आहे नि कोणाला नाही, ते तिथेच समजेल.

गाडी, आधार आणि म्हातारी माणसं

चेन्नईहून बल्लारशाह मार्गे येणारी नवजीवन, नागपूरहून सुटणारी प्रेरणा आणि हावडा-अहमदाबाद, या गाड्या बडनेरा, अकोला, भुसावळ करत नंदुरबार-सुरतमार्गे जातात. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. स्पर्धेचं तिकीट हातात आलं की हा दिवस कॅलेंडरवर लाल शाईने गोल करा. साठीच्या वरचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या वरच्या बायका यांना खालच्या बर्थचा कोटा आहे, वय बरोबर टाका. तिकिटात मात्र ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे. पाच ते बारा वर्षांच्या पोराला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं.

सगळ्यांची नावं आधारवर जशी आहेत तशीच लिहा. आमच्या आईचं नाव रेशन कार्डावर एक, आधारवर दुसरं, आणि घरात तिसरंच. आधार दुरुस्त करायचं असेल तर ते आत्ताच करा.

गाडी अहमदाबादच्या कोणत्या स्टेशनावर थांबते तेही तिकिटावर पाहा. शहरात साबरमती, मणिनगर अशी बरीच स्टेशनं आहेत. कालुपूरला, म्हणजे अहमदाबादच्या मुख्य स्टेशनावर, उतरलात तर तिथूनच मेट्रो मिळते. ओल्ड हायकोर्टला गाडी बदलली की मोटेरापर्यंत जाता येतं.

शिदोरी आणि गेट

प्रवासात आपलं आपलं घ्या : दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, चिवडा. ठेच्याची एक बाटली नक्की ठेवा. तिकडच्या डाळीत गूळ असतो, आपल्या माणसाला तिसऱ्या जेवणाला ठेचा आठवतोच. पण हे सगळं उतरल्या जागीच ठेवायचं. स्टेडियमच्या गेटवर डबा, पाण्याची बाटली, आगपेटी सहसा काढून घेतात. दिल्लीत बाबांची खर्र्याची (तंबाखू-सुपारीची) पुडी नि चुन्याची डबी टोपलीत गेली, आणि त्या शिपायाकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही. खर्रा सोडायची सुरुवात महिनाभर आधीच करायला सांगा. गुजरातेत दारूबंदी आहे, हे वर्धा-गडचिरोलीवाल्यांना नवीन नाही. बाकीच्यांनी लक्षात ठेवावं.

बीपी-साखरेच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. पोरांच्या खिशात घरच्या दोन फोननंबरांची चिठ्ठी. आत शिरण्याआधी चुकलो तर भेटायची जागा ठरवा, नेमकी : अमुक नंबरचं गेट, त्याच्या डाव्या हाताचा खांब. एवढ्या गर्दीत फोन लागेलच असं नाही.

राहायचं ठिकाण स्टेडियमजवळ नसलं तरी चालेल, मेट्रो स्टेशनजवळ हवं. एवढं पुरे.

मागे वावर

तारखा जाहीर झाल्या की घरातल्या घरात वाटणी करा : कोण जाणार, कोण थांबणार. सवंगणी किंवा वेचाईच्या मोसमात तारखा आल्या तर मजुरांशी आगाऊ बोलून ठेवा, ऐनवेळी माणूस मिळत नाही. दूध काढायला, जागलीला शेजाऱ्याला सांगाल तर पुढच्या वेळी त्याची जागल तुमच्याकडे, हे ओघानेच आलं. परतीचं आरक्षण शेवटच्या सत्राच्या दुसऱ्या दिवशीचं करा, त्याच रात्रीचं नको. संध्याकाळची सत्रं लांबतात. आणि जो मागे थांबला त्याला या वेळी पहिलं तिकीट द्या. आमच्याकडे ते भावाचं ठरलं आहे. जागल मी करणार.