गाडीची रिमोट चावी सेल बदलूनही चालत नाहीये? नवीन घ्यायच्या आधी हे करून बघा

रिमोट चावी बंद पडली की सगळीकडून दोनच सल्ले येतात, सेल बदल नाहीतर नवीन चावी घे. सेल स्वस्तात होतो, नवीन चावी हजारांत जाते, आणि या दोघांच्या मधे जी खरी भानगड असते तिच्याबद्दल कोणी काही सांगतच नाही. घरच्या, पाहुण्यांच्या, सोसायटीतल्या मिळून मी खूप चाव्या उघडल्यात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नवीन चावी लागणार असं सांगितलेलं होतं, लागली मात्र फार थोड्यांना.

गाडीबाहेर अडकला असाल तर आधी गाडी उघडा, बाकीचं घरी बसून वाचा. चावीत एक साधी लोखंडी पट्टी असते, पुश स्टार्टवाल्या रिमोटमध्ये ती बाजूच्या छोट्या खटक्याने बाहेर निघते. ड्रायव्हरच्या दाराला किहोल दिसत नसेल तर हँडलच्या प्लास्टिकच्या टोपीखाली लपलेलं असू शकतं. पट्टीने दार उघडल्यावर अलार्म वाजू शकतो, घाबरू नका. गाडी पुश स्टार्टची, म्हणजे बटणाने चालू होणारी असेल तर ब्रेक दाबा (मॅन्युअल गियर असेल तर क्लच), रिमोट गाडीच्या स्टार्ट बटणाला अगदी चिकटवून धरा आणि स्टार्ट करा. रिमोटमधल्या इमोबिलायझरच्या (ओळखीची चावी नसेल तर गाडी चालू होऊ न देणारी यंत्रणा) चिपला सेल लागत नाही, तिला गाडीच्या कॉइलमधून जवळून पॉवर मिळते, म्हणून सेल पूर्ण मेलेला असला तरी गाडी चालू होते. काही मॉडेलमध्ये रिमोट ठेवायची जागा वेगळी असते, ती गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते.

आता दुसरी चावी आणा. दोन्ही चालत नसतील तर चावी उघडूच नका, गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आणि फ्यूज बघा.

आणि जागाही बदलून बघा. इथले रिमोट बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर आजूबाजूला दुसरं काही जोरात चालू असेल तर गाडीला चावीचा सिग्नल कळतच नाही. एकाच ठिकाणी दोन्ही बंद आणि घरी व्यवस्थित, असं होत असेल तर चावी ठीक आहे. दुसरी चालतेय आणि ही नाही, तर मग हीच चावी उघडायची.

इथे एक चुकीचा सल्ला कायमचा बाजूला ठेवा. मोबाईलचा कॅमेरा चालू करून रिमोटकडे बघा, लाईट दिसली तर रिमोट चांगला, असं सांगतात. ते टीव्हीच्या रिमोटसाठी आहे, तो इन्फ्रारेड असतो. गाडीचा रिमोट रेडिओवर चालतो, कॅमेऱ्यात काहीही दिसणार नाही. आणि रिमोटवरची छोटी लाल लाईट लागली म्हणजे सिग्नल जातोयच, असंही नाही.

रिमोट उघडायचा: पट्टी काढली की खाच दिसते, त्यात नाणं घालून फिरवा. सुरीने उघडू नका, ती आत सटकली की आतला सर्किट बोर्ड कापते.

आता सेल. सगळे इथेच फसतात, आणि मीही फसलो होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझी चावी दीड महिना त्रास देत होती, टेबलावर बसून दाबली की चालायची आणि खाली पार्किंगमध्ये गेलो की बंद. तीन सेल बदलले. एका सर्व्हिस सेंटरमध्ये बघून सांगितलं रिमोट गेला, नवीन घ्या. शेवटी मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) घेऊन बसलो, सेलवर ३.१ व्होल्ट एकदम चांगले, पण तीच टोकं बोर्डवर सेलला टेकणाऱ्या धातूच्या पत्तीच्या सोल्डरला, म्हणजे ती जिथे बोर्डला जोडलीय तिथे, लावली तर काहीच नाही. म्हणजे सेल चांगला, पण त्याची पॉवर बोर्डपर्यंत पोचतच नव्हती. मग सेलवरचा नंबर वाचला, २०२५. चावीला लागत होता २०३२. घड्याळवाल्याने दिला आणि मी न बघता घातला, तीनही वेळा.

हे नंबर नीट समजून घ्या. पहिले दोन आकडे व्यास, २० मिलीमीटर. पुढचे दोन जाडी, ३२ म्हणजे ३.२ मिलीमीटर आणि २५ म्हणजे २.५. दोन्ही ३ व्होल्टचे, दोन्ही गोल, दोन्ही त्याच खाचेत बसतात, पण ०.७ मिलीमीटरच्या फरकाने पत्ती टेकत नाही, आणि बटण दाबताना कव्हर सेलवर दाबलं गेलं तर तेवढ्यापुरती टेकते. म्हणून कधी चालते कधी नाही. चावी हलवून कानाशी धरा, आत खुळखुळ वाजत असेल तर आधी सेलचा नंबर वाचा. कागदाची घडी किंवा फॉइल घालून जाडी वाढवा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, फॉइल सरकलं की सेल शॉर्ट होतो.

नंबर बरोबर असूनही चालत नसेल तर पत्ती बघा. वारंवार सेल बदलून ती चपटी होते. प्लास्टिकच्या टोकाने अगदी हलकेच वर उचला, जोर केला तर सोल्डरपासून तुटते. पत्तीवर हिरवट किंवा पांढरं काही दिसलं तर पेन्सिलच्या खोडरबराने घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मोबाईल रिपेअरवाल्यांकडे मिळतं. पाणी नको, परफ्युम तर नकोच. नवीन सेलसुद्धा घालायच्या आधी त्याच अल्कोहोलने पुसा. काही कंपन्या मुलांनी तोंडात घालू नये म्हणून सेलवर कडू लेप देतात, आणि त्या लेपामुळेच काही उपकरणांत कॉन्टॅक्ट होत नाही. सेल कडांनी धरा, लोखंडी चिमट्याने दोन्ही बाजू एकदम पकडू नका.

मग पुन्हा मोजा, पण नुसता सेल मोजून थांबू नका. मल्टीमीटरची टोकं बोर्डवरच्या सोल्डरला लावा आणि त्याच वेळी बटण दाबा. आकडा ३ च्या जवळपास टिकला तर सेल आणि पत्ती दोन्ही ठीक. दाबल्यावर आकडा पार खाली कोसळला तर सेल संपलाय, नुसता धरून मोजला तर तो खुशाल ३ दाखवेल. आकडा उड्या मारत असेल तर पत्ती सैल आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि नवीन चावी घ्यायचा निर्णय याच्याआधी घ्यायचाच नाही.

जुना सेल तिथेच टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल, शौचातून पडेल म्हणून वाट बघत बसायचं नाही.

पॉवर बोर्डपर्यंत येतेय आणि तरी एकच बटण चालत नाही, तर बोर्डवरचा छोटा स्विच गेलाय. मोबाईल रिपेअरवाला बदलून देतो.

पावसात भिजली असेल तर पहिलं काम सेल काढणं. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, पाणी आत असताना सेल लागलेला राहिला की पत्त्या गंजायला लागतात. उघडा, अल्कोहोलने धुवा, दिवसभर पंख्याखाली उघडं ठेवा, मगच सेल घाला.

कव्हर तुटलं म्हणून ऑनलाईन नवीन कव्हर मागवणार असाल तर एक गोष्ट नक्की बघा. फ्लिप चावीत (जिची पट्टी दुमडून आत जाते) इमोबिलायझरची चिप बऱ्याचदा बोर्डवर नसते, कव्हरच्या एका खाचेत वेगळी बसवलेली असते, काळा छोटा तुकडा किंवा काचेची बारीक नळी. लोक बोर्ड नवीन कव्हरमध्ये टाकतात आणि जुनं कव्हर त्या चिपसकट कचऱ्यात. मग दार रिमोटने उघडतं पण गाडी चालू होत नाही. गाडी चालू होऊन दाखवेपर्यंत जुनं कव्हर टाकू नका.

एवढं सगळं होऊनही चालत नसेल तर पेअरिंग, म्हणजे गाडीतली त्या चावीची नोंद, गेलेलं असू शकतं. व्हिडिओमध्ये चावी पाच वेळा ऑन-ऑफ करून लॉक दाबायला सांगतात, ते ठरावीक मॉडेलपुरतं असतं आणि त्या गाड्या बहुतेक इथल्या नसतातच. स्कॅनर असलेल्या चावीवाल्याकडे जा, आणि जाताना घरातल्या सगळ्या चाव्या बरोबर न्या. बऱ्याच गाड्यांत चाव्या नव्याने नोंदवताना समोर नसलेल्या चाव्या गाडीच्या मेमरीतून पुसल्या जातात, म्हणून पैसे द्यायच्या आधी प्रत्येक चावीने दार उघडून आणि गाडी चालू करून बघा.