दिएन बिएन फूची लढाई नकाशावर कशी समजून घ्यायची

१९५४ मध्ये व्हिएतनाममध्ये फ्रेंच सैन्य आणि स्वातंत्र्यासाठी लढणारं व्हिएत मिन्ह यांच्यात झालेल्या दिएन बिएन फूच्या लढाईबद्दल वाचायला घेतलं की पहिल्या काही पानांतच डोकं गरगरायला लागतं, कारण टेकड्यांना बायकांची नावं, त्यांना वर नंबर, आणि व्हिएतनामी बाजूने लिहिलेलं वाचलं तर त्याच टेकडीला भलतंच नाव. त्यामुळे माझं सांगणं असं की आधी कागद घ्या, दोन रंगाची पेनं घ्या, फोनवर सॅटेलाइट मॅप उघडा आणि स्वतः नकाशा काढा. तासाभराचं काम आहे, पण त्यानंतर ही लढाई डोक्यातून जात नाही.

मॅपवर व्हिएतनामच्या वायव्य कोपऱ्यात जा, लाओसच्या सीमेला लागून. हनोईपासून सरळ रेषेत साधारण ३०० किलोमीटर. चारी बाजूंनी डोंगर आणि मधे अठरा-वीस किलोमीटर लांब, सहा-आठ रुंद अशी सपाट दरी दिसेल. विमानतळ आजही त्याच जागी आहे. कागदाच्या मधोमध तो रनवे काढा, उभी रेघ, वरचं टोक जरा डावीकडे कललेलं, आणि त्याच्या उजवीकडून खाली वाहणारी नाम युम नदी. रनवे जाड आणि लाल करा, कारण सगळं त्याच्यावरच उभं होतं. २० नोव्हेंबर १९५३ ला फ्रेंच पॅराट्रूपर इथे उतरले तेव्हापासून खाणं, दारूगोळा, काटेरी तार, औषधं सगळं विमानाने यायचं, दहा टँकसुद्धा सुटे करून विमानाने आणले आणि दरीत जोडले. तिथल्या फ्रेंच सैन्याचा प्रमुख जनरल नव्हार याला हे जमेल असं वाटलं त्याला कारण होतं, १९५२ च्या शेवटी ना सान या दुसऱ्या ठिकाणी असाच विमानाच्या रसदीवरचा तळ व्हिएत मिन्हच्या हल्ल्यापुढे टिकला होता. म्हणून पुढे कुठलीही टेकडी आली की एकच प्रश्न विचारायचा: ही पडली तर रनवेचं काय होतं?

आता टेकड्या. आधी बाहेरच्या तीन काढा. ईशान्येला बेआत्रिस, उत्तरेला लांब गॅब्रिएल, वायव्येला अ‍ॅन-मारी. या तिन्ही चौक्या रनवेच्या वरच्या टोकाची राखण करायच्या. मग नदीच्या पूर्वेला रांगेत दोमिनिक आणि एलियान, यांच्यावर जास्त वेळ द्या, कारण खरी मारामारी इथेच झाली. इथून नदीपलीकडे तळाचा फ्रेंच कमांडर द कास्त्री याचं हेडक्वार्टर अगदी समोर दिसतं. प्रत्येक टेकडीला दोन्ही नावं लिहून ठेवा, आधी फ्रेंच मग व्हिएतनामी: एलियान २ म्हणजे ए१, एलियान १ म्हणजे सी१, एलियान ४ म्हणजे सी२, दोमिनिक २ म्हणजे डी१, दोमिनिक १ म्हणजे ई१. एवढी पाच पाठ झाली की कुठल्याही बाजूचं पुस्तक वाचता येतं. रनवेच्या पश्चिमेला ह्युगेत आणि खाली क्लोदिन, हे बहुतेक सपाटीवरचे मोर्चे. आणि दक्षिणेला पाच-सहा किलोमीटरवर एकटी इसाबेल, तिला विसरू नका.

दुसरा रंग घ्या आणि भोवतीचे डोंगर रंगवा. १०५ मिमी तोफेचा पल्ला अकरा किलोमीटरच्या आसपास असतो, नकाशाच्या स्केलने तेवढी दोरी कापा आणि पूर्वेच्या डोंगरावर टोक धरून फिरवून बघा, अख्खा रनवे आत येतो. फ्रेंच तोफखान्याचा प्रमुख कर्नल पिरोथ म्हणत होता की इतक्या जड तोफा या डोंगरात येणारच नाहीत, आल्या तरी दोन-तीन गोळे टाकायच्या आत आपण त्या उडवू. स्वतःच्या १०५ च्या २४ आणि १५५ च्या ४ तोफा त्याने उघड्या खड्ड्यांत मांडल्या होत्या. व्हिएत मिन्हने तोफा माणसांनी दोर लावून ओढत आणल्या आणि डोंगराच्या पोटात खोदून बसवल्या. २५ जानेवारी १९५४ ला हल्ला ठरला होता, पण व्हिएत मिन्हचा सेनापती गियाप याने तो आयत्या वेळी थांबवला आणि तोफा परत मागे ओढायला लावल्या, ज्या पोरांनी जीव तोडून त्या वर चढवल्या त्यांनाच. मला विचाराल तर या लढाईतला सगळ्यात मोठा निर्णय हाच. व्हिएत मिन्हच्या रसदीला अडीच लाखांवर मजूर, आणि सायकली, ज्यांच्या हँडलला बांबू बांधून आणि सीटमागे उभा दांडा लावून माणूस बाजूने चालत दोनशे किलोच्या वर तांदूळ ढकलत न्यायचा. फ्रेंचांची रसद आकाशातून आणि यांची जंगलातून, हे दोन बाण नकाशावर नक्की काढा.

मग तारखा घाला. १३ मार्चला संध्याकाळी बेआत्रिस, काही तासांत गेली, तिथे फ्रेंचांच्या परकीय सेनेची (फॉरेन लीजन) पलटण होती आणि त्या भागाचा कमांडर कर्नल गोशे बंकरवर गोळा पडून मेला. १५ ला सकाळी गॅब्रिएल, तिथे अल्जेरियन सैनिक लढत होते. त्याच सुमारास पिरोथने हातबॉम्ब फोडून जीव दिला. १७ ला अ‍ॅन-मारी, तिथले बरेचसे ताई जमातीचे शिपाई निघूनच गेले. पाच दिवसांत रनवेचं डोकं उघडं पडलं, आणि २८ मार्चला उतरलेलं जखमींना न्यायचं विमान उडूच शकलं नाही, त्यातली नर्स जनेव्हिएव्ह द गालार तिथेच अडकली आणि शेवटपर्यंत जखमींचं करत राहिली. इथे लाल रेघेवर फुली मारा. त्यानंतर सगळं पॅराशूटने, आणि विमानविरोधी तोफांच्या भीतीने विमानं उंचावरून टाकायची, त्यामुळे बरीच खोकी समोरच्यांच्याच हातात पडायची.

३० मार्चच्या रात्री पूर्वेच्या टेकड्यांवर हल्ला, ई१, डी१, सी१ पडल्या, ए१ मात्र पडली नाही. १० एप्रिलला फ्रेंच अधिकारी बिजारच्या पॅराट्रूपरांनी सी१ परत घेतली. या दिवसांसाठी वेगळा छोटा नकाशा काढा, नाहीतर गिचमीड होते. एप्रिलभर व्हिएत मिन्हने खंदक खणत खणत फास आवळला, शंभर किलोमीटरच्या वर खंदक, वरून पाऊस आणि चिखल. रनवेवर आडवे जाणारे खंदक काढलेत की ह्युगेत का तुटली ते आपोआप कळतं.

१ मेपासून शेवटचा हल्ला. ए१ खाली बोगदा खणून जवळपास एक टन स्फोटकं भरली आणि ६ मेच्या रात्री सुरुंग उडवला, तो खड्डा आजही त्या टेकडीवर आहे. ७ मेला संध्याकाळी हेडक्वार्टर पडलं. बाजूला समासात लिहा: ८ मे, जिनिव्हा परिषद, इंडोचायनावरची (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) चर्चा सुरू.

आकड्यांच्या बाबतीत घाई करू नका. व्हिएतनामचा अधिकृत मृतांचा आकडा चार हजारांच्या आसपास आहे, फ्रेंच अंदाज त्याच्या बराच वर जातात, दोन्ही लिहून ठेवा. फ्रेंच बाजूचे दहा हजारांवर कैदी झाले आणि परत आले फक्त ३,३०० च्या आसपास. त्यांच्यात मोरोक्कन, अल्जेरियन, आफ्रिकन, व्हिएतनामी सगळे होते, म्हणून नकाशावर नुसतं "फ्रेंच" लिहिण्याऐवजी प्रत्येक चौकीवर कुठली पलटण होती ते लिहा. अल्जेरियात स्वातंत्र्याचं युद्ध त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सुरू झालं, ते या नोंदींशेजारी ठेवून बघा.

एक बाण अजून राहिला. ७ मेच्या रात्री इसाबेलमधल्या लोकांनी दक्षिणेकडे, लाओसच्या दिशेने फुटून निघायचा प्रयत्न केला, बहुतेक सगळे पकडले गेले. तो बाण तुटक रेघेने काढा, आणि लाओसपर्यंत नेऊ नका.