सेन्सरला आधी आपली माती ओळखू द्या

ठिबकला ओलाव्याचा सेन्सर जोडताय? मग त्यात आधीपासून भरलेले आकडे तसेच ठेवू नका. बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडची तांबडी माती वेगळी, निपाणी-अथणीकडची काळी वेगळी.

आपल्याच रानातली माती दोन डब्यांत भरा. एक उन्हात खडखडीत वाळवा. दुसऱ्याच्या तळाला भोकं पाडून भरपूर पाणी घाला आणि निथळू द्या. काळ्या मातीला दोनेक दिवस लागतात, घाई नको. दोन्हींतलं रीडिंग म्हणजे तुमचे ० आणि १०० टक्के. व्हॉल्व्ह समजा ४० ला सुरू, ७० ला बंद असं अंतर ठेवा, नाहीतर रिले (व्हॉल्व्ह चालू-बंद करणारा स्विच) दिवसभर टकटकत बसतो.

काळ्या मातीत आणखी एक गोम आहे. भेगा पडल्या की सेन्सरभोवती हवा शिरते आणि तो उगाच ‘कोरडं’ म्हणून ओरडतो. आमची मिरची अशीच रात्रभर पाण्यात उभी होती! तेव्हापासून बसवताना भोवती चिखल ओतून दाबतो, आणि कितीही कोरडं दिसलं तरी एका वेळी ३० मिनिटांनी व्हॉल्व्ह बंद.

सेन्सर कपॅसिटिव्हच (ज्याचा धातू उघडा मातीला लागत नाही असा) घ्या. उघड्या दोन टोकांचा स्वस्त मिळतो, पण मातीत लवकर गंजतो.