विंडोज बदलण्याआधी: परवाना कोणाचा, किल्ली कोणाकडे

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि तेव्हापासून लहान ऑफिसवाले मला एकच प्रश्न विचारतात: "मॅडम, विंडोज ११ ची होम आवृत्ती घालू की प्रो?" कर सल्लागार, दवाखाने, डीटीपीवाले, सगळ्यांचा हाच. मी आधी त्यांना कागद-पेन घेऊन बसवते. आवृत्ती शेवटी ठरवायची. आज मशीनमध्ये काय आहे आणि ते कोणाच्या नावावर आहे, हे आधी लिहून काढायचं.

पहिली नोंद परवान्याची. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून काळी खिडकी उघडा आणि इंग्रजी अक्षरांत 'एसएलएमजीआर', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'डीएलआय' असं (slmgr /dli) टाईप करा. थोड्या वेळात एक चौकट येईल. तिच्यात ओईएम दिसलं तर परवाना मशीनबरोबर आलेला आहे आणि त्या मदरबोर्डाशी बांधलेला आहे; नव्या संगणकावर तो नेता येत नाही. रिटेल दिसलं तर जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतो, एका वेळी एकाच ठिकाणी. व्हॉल्यूम दिसलं तर थांबा. तो परवाना कुठल्या तरी कंपनीच्या किंवा संस्थेच्या करारातला असतो. इंटरनेटवर काहीशे रुपयांना मिळणाऱ्या, विंडोजचा परवाना चालू करायच्या किल्ल्या बरेचदा याच जातीच्या निघतात, आणि पैसे दिले म्हणून तो परवाना तुमचा होत नाही.

त्याच खिडकीत 'डीएलआय'च्या जागी 'एक्सपीआर' टाकून पाहा. अ‍ॅक्टिव्हेशन अमुक तारखेला संपणार असं आलं, आणि तुमच्या ऑफिसला कुठल्याही मोठ्या संस्थेचा करार नाही, तर बहुधा कोणीतरी क्रॅक, म्हणजे परवाना नसताना विंडोज चालू करणारा चोरटा प्रोग्राम, चालवलेला आहे. कॉपीराइट कायदा १९५७ मधलं कलम ६३ब इथे लागू होतं: जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. पण मला त्याहून जास्त काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते. क्रॅक चालवताना बहुतेक वेळा अँटीव्हायरस बंद करायला सांगतात आणि अनोळखी प्रोग्रामला पूर्ण अधिकार द्यायला लावतात. त्यानंतर गोपनीयतेची कितीही बटणं बंद केली तरी त्या मशीनवर भरवसा ठेवायचा कसा? परवाना आणि गोपनीयता हा एकच प्रश्न आहे, असं मी म्हणते ते यासाठी.

हार्डवेअरची नोंद पटकन होते. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा-चिप), सिक्युअर बूट (चालू होताना अनोळखी प्रोग्राम अडवणारी सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. टीपीएम नाही असं दिसलं तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, एकदा बघा. पीटीटी किंवा एफटीपीएम या नावाने ते बरेचदा नुसतं बंद करून ठेवलेलं असतं. मशीन बसत नसेल तर घरगुती वापरासाठी विंडोज १० ची वाढीव अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खातं जोडावंच लागतं.

आता खात्याकडे येऊ. इथे घाई करू नका. मिरजेकडच्या एका दंतवैद्य बाईंच्या दवाखान्यातला लॅपटॉप एका सकाळी बायोस अपडेटनंतर निळा पडदा दाखवून थांबला आणि ४८ आकडी रिकव्हरी किल्ली मागू लागला. बाईंनी अशी किल्ली कधी पाहिलीच नव्हती. लॅपटॉपवर होम आवृत्ती होती, आणि ज्या मुलाने तो चालू करून दिला होता त्याने घाईत स्वतःचंच मायक्रोसॉफ्ट खातं टाकलं होतं. होममध्ये अशा खात्याने लॉगिन झालं की अनेक मशीन्सवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. मुलगा गाव सोडून गेला होता, नंबर बदलला होता. तो सापडेपर्यंत पाच दिवस गेले. पाच दिवस रुग्णांचे एक्स-रे समोर असून उघडत नव्हते. बाई रोज फोन करायच्या, आणि माझ्याकडे द्यायला उत्तर नसायचं.

म्हणून कागदावर तीन ओळी हव्यातच: खातं कोणाचं, त्याचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, आणि रिकव्हरी किल्ली कुठे ठेवली आहे.

एवढं लिहून झालं की होम-प्रोचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं. प्रोमध्ये बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची, किल्ली तुम्ही स्वतः छापून किंवा पेनड्राइव्हवर ठेवू शकता, मांडणी करताना ऑफिसचा पर्याय निवडून लोकल खातं (फक्त त्या मशीनवरचं, मायक्रोसॉफ्टशी न जोडलेलं) करता येतं, ग्रुप पॉलिसी (मशीनचे नियम एका जागेवरून ठरवण्याची सोय) मिळते. रुग्णांची, अशिलांची माहिती असलेल्या मशीनला मी प्रोच घ्यायला सांगते, जीएसटीच्या बिलासकट. पण प्रो घेतलं म्हणजे मायक्रोसॉफ्टला काहीच जात नाही, असं समजू नका. आवश्यक निदान-माहिती (मशीन कसं चालतंय याची) होम आणि प्रो दोन्हींतून जाते. ऐच्छिक तेवढी बंद करता येते. पूर्ण बंद करण्याची सोय एंटरप्राइझ आणि एज्युकेशन या संस्थांसाठीच्या आवृत्त्यांमध्येच आहे. एंटरप्राइझमधली एलटीएससी, म्हणजे वर्षानुवर्षं नवे बदल न येणारी आवृत्ती, खरोखर हलकी आणि शांत आहे, मलाही आवडते. पण ती व्यावसायिक करारावर मिळते, सुट्या ग्राहकाला नाही.

सेटिंग्जमध्ये ऐच्छिक माहिती आणि जाहिरात आयडी (जाहिरातींसाठी तुम्हाला ओळखणारा क्रमांक) बंद करा. मग वनड्राइव्ह नीट तपासा, कारण डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर बॅकअपच्या नावाखाली क्लाउडवर चढत असतात. एखाद्याचं पॅन आणि विवरणपत्र तिथे जाणार असेल तर ते तुम्ही ठरवून जावं, नकळत नाही.

विंडोजऐवजी लिनक्स या मोफत प्रणालीचा विचारही मनापासून करा. लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत, अ‍ॅक्टिव्हेशन नाही, खातं नाही, आणि वापरण्याचा, वाटण्याचा हक्क परवान्यातच दिलेला आहे. मराठी इनस्क्रिप्ट कळफलकही त्यात चालतो. पेनड्राइव्हवरून चालवून प्रिंटर आणि वायफाय तपासा. मात्र टॅली विंडोजसाठीच आहे, आणि डिजिटल सहीच्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर आहे का हे विक्रेत्याला आधी विचारा. डीटीपीवाल्यांनी तर जपूनच. युनिकोडपूर्व, म्हणजे आजच्या मराठी टायपिंगशी न जुळणाऱ्या जुन्या फाँटमधल्या वीस वर्षांच्या फायली आणि डोंगलवर (मशीनला लावायच्या परवान्याच्या चावीवर) चालणारं सॉफ्टवेअर यांच्यासाठी जुनं मशीन इंटरनेटपासून तोडून तसंच चालू ठेवा.

दिवस निवडताना ३१ जुलैच्या, म्हणजे आयकर विवरणपत्रांच्या गडबडीच्या, आसपास हात लावू नका. आदल्या संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या आणि त्यातल्या दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. उघडल्या, की रिकव्हरी किल्लीची छापील प्रत आणि परवान्याचं बिल लाइट बिलाच्या फायलीत लावा, आणि मगच सेटअपचा पेनड्राइव्ह घाला.